वाऱ्याची वाट पाहणारा धक्का

२०१५च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, न्यू बेडफर्डच्या बंदरात एक नवा धक्का जवळपास बांधून झाला होता. २९ एकर जागा, समोर खोल केलेले पाणी, आणि खर्च ११ कोटी ३० लाख डॉलर. समुद्री पवनचक्क्यांसाठी म्हणून मुद्दाम बांधलेले उत्तर अमेरिकेतले हे पहिले टर्मिनल. त्याच महिन्यात दोन वीज कंपन्यांनी केप विंड या प्रकल्पाची वीज विकत घेण्याचे करार मोडले. केप विंड हेच या धक्क्याचे ठरलेले पहिले गिऱ्हाईक. जागा भाड्याने घेण्याचा करार त्याने आदल्याच सप्टेंबरात केला होता. नँटकेट साउंड या उथळ समुद्रात १३० पवनचक्क्या उभारण्याची ही योजना २००१ पासून कोर्टकचेऱ्यांत रखडत आली होती. त्या भागात ज्यांचे बंगले होते त्या बड्या घराण्यांनी तिला कडवा विरोध केला. करार तुटले आणि योजना संपल्यात जमा झाली. धक्का मात्र बांधून झाला होता.

पवनचक्कीचा पहिला सुटा भाग त्या धक्क्यावर उतरला तो २०२३च्या मे महिन्यात. मधली आठ वर्षे थोडाफार इतर माल सोडला तर तिथे फारसे काम नव्हते. राज्याचा पैसा पाण्यात गेला, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. मला ते पटत नाही. का पटत नाही हे सांगण्यासाठी आधी धक्क्याखालची जमीन समजून घ्यावी लागेल.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर गेलेल्या वाचकाने पवनचक्क्यांची रांग पाहिली असेल. त्यातल्या कितीतरी जुन्या चक्क्या ३५० किलोवॅटच्या. त्या ट्रकवर लादून घाट चढवून नेता आल्या. न्यू बेडफर्डवरून जी चक्की समुद्रात गेली तिची क्षमता १३ मेगावॅट, म्हणजे पठारावरच्या ३७ चक्क्यांइतकी. तिचे एक पाते १०७ मीटर लांब. पात्याचे टोक वर गेले की उंची अडीचशे मीटरांच्या पुढे. मनोऱ्याच्या माथ्यावर जनित्र ज्या खोक्यात बसते त्या नॅसेलचे वजन शेकडो टन. असा माल कोणत्याही हमरस्त्यावरून नेता येत नाही. वळण घेता येत नाही, पुलाखालून जात नाही, पूल वजन पेलत नाही. म्हणून कारखाना समुद्रकाठी लागतो, माल जहाजानेच येतो आणि ज्या धक्क्यावर उतरतो तिथूनच पुन्हा समुद्रात जातो.

बरे, नेहमीच्या बंदरात हे जमत नाही. कंटेनर बंदरातली जमीन कंटेनरांच्या थप्पीसाठी बांधलेली असते. तिच्यावर नॅसेल ठेवले आणि ते उचलणारी अवजड क्रेन उभी केली, तर जमीन खचते. न्यू बेडफर्डचा धक्का प्रत्येक चौरस मीटरला सुमारे २० टन भार पेलेल असा बांधला आहे. क्रेनचे पाय जिथे टेकतात तिथे तर त्याच्या पाचपट. वरून पाहिले तर दिसते ती खडी पसरलेली सपाट, मोकळी जमीन. सगळा खर्च तिच्या खाली आहे. मनोऱ्याचे तुकडे धक्क्यावर उभेच ठेवायचे असतात, त्यामुळे डोक्यावर वीजवाहिनी नको, पूल नको. पाती आडवी ठेवायची, तर शंभर मीटरांहून लांब मोकळी पट्टी हवी, आणि तीही एकाच नव्हे तर कित्येक पात्यांसाठी. ६२ चक्क्यांच्या प्रकल्पाला १८६ पाती लागतात. ती एकापुढे एक मांडली तर जवळजवळ २० किलोमीटर भरतील. ती सगळी एकदम येत नाहीत, पण जहाज समुद्रात उभे राहिले की त्याचे रोजचे भाडे सुरू होते. अशा वेळी धक्क्यावर पुरेसा माल तयार नसेल तर त्या एका कमतरतेने पूर्ण प्रकल्पाचे गणित बिघडते. म्हणून जागा हवी. वीज तयार करणारा माणूस बंदराकडून आधी जागा मागतो, मग खोली, मग भार, आणि मग मोकळे आकाश.

आता प्रश्न असा की हे बांधायचे कोणी? वीज कंपनीला तो धक्का दीड-दोन वर्षांपुरता लागतो. तेवढ्यासाठी ती पन्नास वर्षे टिकणारे बांधकाम करणार नाही. बंदराला गिऱ्हाइकाची खात्री हवी, गिऱ्हाइकाला बंदराची. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. या कोंडीतून वाट काढायला कुणीतरी पहिले पाऊल टाकावे लागते, आणि ते सरकारशिवाय कुणी टाकत नाही. २०१० मध्ये गव्हर्नर देवल पॅट्रिक यांनी न्यू बेडफर्डची निवड जाहीर केली, आणि मॅसॅच्युसेट्स क्लीन एनर्जी सेंटर या राज्याच्या संस्थेने हे काम अंगावर घेतले. केप विंड बुडाले म्हणून ते पाऊल चुकले असे होत नाही.

शिवाय या धक्क्याने आणखी एक काम केले, त्याचा हिशेब टीकाकार क्वचितच धरतात. न्यू बेडफर्डच्या बंदराचा तळ विषारी होता. १९४० च्या दशकापासून १९७० च्या दशकाच्या अखेरपर्यंत विजेचे कपॅसिटर बनवणाऱ्या कारखान्यांनी पीसीबी नावाची रसायने वापरली आणि ती बंदराच्या पाण्यात, गाळात उतरली. माशांत आणि शिंपल्यांत ती साठतात, माणसाच्या शरीरात जातात. १९८३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने हे बंदर देशातल्या सर्वांत प्रदूषित जागांच्या यादीत घातले. तेव्हापासून त्याची सफाई चालली आहे. २०१२ मध्ये एका कारखान्याच्या वारस कंपनीने त्यासाठी ३६ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम द्यायचे कबूल केले. नवा धक्का बांधताना पाणी खोल करायला गाळउपसा करावाच लागणार होता. त्या निमित्ताने सुमारे अडीच लाख घनयार्ड दूषित गाळ बाहेर काढण्यात आला. म्हणजे आठ वर्षे धक्का मोकळा पडला होता असे म्हणताना हेही म्हणायला हवे की त्या आठ वर्षांत समोरचे पाणी आधीपेक्षा स्वच्छ होते. पवनचक्की आली नसती तरी ते तसेच राहिले असते.

या गावाला ऊर्जेच्या धंद्याची चढउतार नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर न्यू बेडफर्ड ही देवमाशांच्या शिकारीची जगातली राजधानी होती. १८५७ मध्ये या बंदरातून ३२९ शिकारी जहाजे चालत. देवमाशाच्या तेलावर दिवे जळत, यंत्रांना वंगण मिळे, स्पर्म जातीच्या देवमाशाच्या डोक्यातल्या द्रव्यापासून उत्तम मेणबत्त्या होत. शहराच्या मुद्रेवरचे लॅटिन ब्रीदवाक्यच प्रकाश पसरवण्याचे आहे. हर्मन मेलव्हिल १८४१च्या जानेवारीत समोरच्या काठावरून, फेअरहेवनहून ‘अकुशनेट’ जहाजावर खलाशी म्हणून निघाला तो याच धंद्यात. पुढे १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात जमिनीतून खनिज तेल निघाले. १८७१ मध्ये आर्क्टिकच्या बर्फात ३३ जहाजे अडकून सोडून द्यावी लागली, त्यातली बहुतेक न्यू बेडफर्डची. धंदा उतरला. पैसा कापडगिरण्यांत गेला. १९२८ च्या मोठ्या संपानंतर गिरण्याही ओसरत गेल्या. मुंबईच्या गिरणगावाची आठवण असलेल्या वाचकाला पुढचे सांगायची गरज नाही: विटांच्या उंच इमारती उरल्या, त्यात काम करणाऱ्यांची मुले दुसरीकडे गेली.

राहिले ते मासे. अझोर्स बेटांवरून, केप व्हर्दीहून, पोर्तुगालहून आलेल्या कुटुंबांनी मासेमारी टिकवली. आज माशांच्या किमतीच्या हिशेबाने न्यू बेडफर्ड हे अमेरिकेतले पहिल्या क्रमांकाचे मासेमारी बंदर आहे, आणि दोन दशकांहून जास्त काळ ते तिथेच आहे. कारण स्कॅलप हा महागडा शिंपला. लोखंडी जाळ्याचा जड सांगाडा तळावरून ओढत नेऊन तो गोळा करतात. त्यामुळे इथला मासेमार समुद्राच्या तळाकडे मालकाच्या नजरेने पाहतो, आणि समुद्रात खांब रोवायचे म्हटले की सर्वांत आधी तो बोलतो.

केप विंडनंतर चित्र पालटले ते कायद्याने. ऑगस्ट २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्सने वीज वितरण कंपन्यांवर १६०० मेगावॅट समुद्री पवनवीज विकत घेण्याचे बंधन घातले. माझ्या मते धक्क्यात चूक शोधायचीच असेल तर ती इथे आहे. धक्का आधी आणि वीज घेण्याची हमी नंतर, हा क्रम उलटा झाला. दोन्ही एकत्र आले असते तर मधली वर्षे इतकी कोरडी गेली नसती. हमी मिळताच बोली लावणारे आले, आणि विजेचा भावही उतरला. केप विंडच्या विजेचा सुरुवातीचा भाव युनिटला १८.७ सेंट होता, वर दरवर्षी वाढ. २०१८ मध्ये निवडल्या गेलेल्या व्हिनयार्ड विंड या ६२ चक्क्यांच्या प्रकल्पाचा सरासरी भाव २०१७ च्या किमतीत सुमारे साडेसहा सेंट निघाला. २०१८च्याच ऑक्टोबरात व्हिनयार्ड विंडने न्यू बेडफर्डचा धक्का भाड्याने घेतला, दीड वर्षासाठी, ९० लाख डॉलरांना. मग केंद्र सरकारने २०१९ मध्ये आणखी अभ्यास मागितला आणि परवानगी अडली. ती मिळायला मे २०२१ उजाडला.

शेवटी २०२३च्या मेमध्ये पोर्तुगालहून मनोऱ्यांचे भाग घेऊन पहिले जहाज आले. बंदरात शिरायला एक दार आहे. १९३८ आणि १९५४ च्या वादळांनी हे गाव झोडपले होते, म्हणून १९६० च्या दशकात बंदराच्या तोंडावर दगडांचा प्रचंड बांध घातला गेला. त्यात जहाजांसाठी १५० फुटांची फट आहे, वादळ आले की ती लोखंडी दारांनी बंद होते. पवनचक्कीचा प्रत्येक तुकडा त्या दीडशे फुटांतून आत आला आणि त्यातूनच बाहेर गेला. फ्रान्समधल्या सेंट-नाझेरहून नॅसेल आले, कॅनडातल्या गास्पेहून पाती आली. न्यू बेडफर्डच्या गोदी कामगारांनी, त्यांच्या संघटनेच्या १४१३ क्रमांकाच्या शाखेने, ते उतरवले. जन्मभर माशांचे खोके आणि फळांचे पेटारे हाताळलेल्या माणसांना आता एका पात्यासाठी दोन क्रेनचा ताल सांभाळायचा होता.

इथून पुढे काम कसे चालते हे पाहण्यासारखे आहे. समुद्रात चक्की उभारणारे जहाज चार लांब पाय तळावर टेकवते आणि स्वतःला लाटांच्या वर उचलून घेते. मग ते लाटेवर हलत नाही आणि त्यावरची क्रेन शंभर-दीडशे मीटर उंचीवर नेमकी काम करू शकते. युरोपात हेच जहाज धक्क्यावर येते, चार-पाच चक्क्यांचा माल भरते आणि जाते. अमेरिकेत ते चालत नाही. १९२० च्या जोन्स कायद्यानुसार अमेरिकेतल्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी माल नेणारे जहाज अमेरिकेत बांधलेले, अमेरिकी मालकीचे आणि अमेरिकी खलाशांचे असावे लागते. समुद्रतळात रोवलेला खांब कायद्याच्या दृष्टीने अमेरिकेतलेच एक ठिकाण. तेव्हा असे एकही अमेरिकी जहाज कामाला नव्हते. म्हणून युरोपातले ‘सी इन्स्टॉलर’ जहाज मार्थाज व्हिनयार्ड बेटाच्या दक्षिणेला समुद्रातच उभे राहिले आणि न्यू बेडफर्डहून बार्जवर लादून, टगबोटींनी ओढत, एकेका चक्कीचे भाग तिथे पोहोचवले गेले. उघड्या समुद्रात हेलकावणाऱ्या बार्जवरून १०७ मीटरचे पाते उचलायचे, तर वारा पडलेला हवा. आणि ही जागा तर निवडलीच होती तिथल्या वाऱ्यासाठी. दिवसचे दिवस वाट पाहण्यात जात.

२०२४च्या जानेवारीच्या सुरुवातीला पहिल्या चक्कीची वीज किनाऱ्यावर आली.

मासेमारांचे काय? त्यांच्या मागणीला मान देऊन चक्क्या पूर्व-पश्चिम रांगांत, एकमेकींपासून एक सागरी मैल अंतरावर ठेवल्या. नुकसानभरपाईचा निधी ठरला. काही बोटींना प्रकल्पाच्या परिसरात टेहळणीचे काम मिळाले. पण भीती पूर्ण गेली नाही, आणि ती भीती अडाणी नाही. फिरणाऱ्या पात्यांमुळे बोटीवरच्या रडारच्या पडद्यावर खोटे ठिपके उमटतात, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०२२च्या अहवालानेही मान्य केले आहे. धुक्यात, रात्री, जाळे ओढत परतणाऱ्या तांडेलाला हे तात्त्विक प्रकरण वाटत नाही. विजेची तार तळात पुरेशी खोल गाडली नाही तर स्कॅलपचा सांगाडा तिच्यात अडकतो, मग जाळे जाते, कधी बोटीवरही बेतते. माझे ठाम मत आहे की बंदराच्या आराखड्यावर पहिली रेघ ओढण्याआधी ज्या समुद्रात खांब जाणार त्या समुद्रावर पोट असलेल्या माणसांना टेबलावर बसवायला हवे. न्यू बेडफर्डमध्ये ते झाले, पण बऱ्याच उशिरा.

मग १३ जुलै २०२४. व्हिनयार्ड विंडच्या एका चक्कीचे पाते तुटले. काचतंतू आणि फोमचे तुकडे नँटकेट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर वाहत आले. ऐन उन्हाळ्यात पुळणी बंद कराव्या लागल्या. केंद्राने काम थांबवले. पात्याचे थर चिकटवण्यात गास्पेच्या कारखान्यात कसर राहिली होती आणि तपासणीत ती पकडली गेली नाही, असे चक्क्या बनवणाऱ्या कंपनीने मान्य केले. त्या कारखान्याची पाती काढायचे ठरले. ज्या मार्गाने बार्ज ती घेऊन गेल्या होत्या त्याच मार्गाने, दीडशे फुटांच्या त्याच दारातून पाती परत धक्क्यावर आली आणि त्यांच्या जागी फ्रान्समधल्या शेरबूरची पाती गेली. नँटकेटला पुढल्या वर्षी एक कोटी पाच लाख डॉलरांची भरपाई कबूल झाली. या प्रकरणात धक्क्याची एक उपयुक्तता प्रथमच लक्षात आली. जोडणीइतकीच दुरुस्तीलाही पक्की जमीन लागते. पंचवीस-तीस वर्षे समुद्रात उभ्या राहणाऱ्या यंत्राला परत यायला जागा हवी.

डेन्मार्कचे एस्बियर्ग बंदर मी यासंदर्भात नेहमी आठवतो. १८६४ च्या युद्धात श्लेस्विग आणि होल्स्टाइन गेल्यावर पश्चिम किनाऱ्यावर नवे बंदर हवे म्हणून १८६८ मध्ये डॅनिश संसदेने कायदा करून ते बांधायला घेतले. आधी शेतमालाची निर्यात, मग मासेमारी, मग १९७० च्या दशकापासून उत्तर समुद्रातल्या तेल-वायूचे काम, आणि २००२ मध्ये हॉर्न्स रेव्ह, दोन मेगावॅटच्या ८० चक्क्यांचा प्रकल्प. एकाच गावात वेल्डर, क्रेनचालक, पाणबुडे आणि जहाजांचे दुरुस्तीवाले पिढ्यान्‌पिढ्या तयार होत गेले. २०२२ मध्ये डेन्मार्क, जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम यांनी समुद्री पवनविजेची मोठी प्रतिज्ञा केली ती याच गावात. एस्बियर्गला एका गिऱ्हाइकाची वाट कधी पाहावी लागली नाही, कारण एक धंदा उतरायच्या आत दुसरा चढत गेला. न्यू बेडफर्डला ती सवलत नव्हती.

आणि आता अमेरिकेत सगळेच डळमळीत आहे. जानेवारी २०२५ मध्ये नव्या अध्यक्षांनी समुद्री पवनविजेच्या नव्या जागा आणि परवानग्या थांबवल्या. ऑगस्टअखेर केंद्राच्या वाहतूक खात्याने पवनविजेसाठीच्या १२ बंदर प्रकल्पांचे ६७ कोटी ९० लाख डॉलर काढून घेतले. त्यातली सर्वांत मोठी रक्कम, ४२ कोटींहून जास्त, कॅलिफोर्नियातल्या हंबोल्ट बेच्या बंदराची होती. मॅसॅच्युसेट्समधल्याच सेलमचे टर्मिनल जुन्या कोळसा वीजकेंद्राच्या जागेवर होणार होते, त्याचेही अनुदान गेले. न्यू बेडफर्डचा धक्का या कात्रीतून वाचला तो केवळ आधी बांधून झाला होता म्हणून. २०१५ मध्ये ज्याला घाई म्हटले गेले तीच आता कामी आली.

भारतातही हा प्रश्न दाराशी आला आहे. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने समुद्री पवनविजेसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅट, आणि त्यातले ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी. महाराष्ट्राचा किनारा या पहिल्या यादीत नाही. तामिळनाडूत तुतिकोरिन आणि गुजरातेत पिपावाव ही नावे चर्चेत आहेत. तुतिकोरिनला अनुभव आहे. जमिनीवरच्या चक्क्यांची लांब पाती तिथून जहाजाने जातातच. पण बाजूलाच मन्नारच्या आखाताचे संरक्षित क्षेत्र आहे, प्रवाळ आहे, शंख काढणाऱ्या आणि छोट्या बोटींवर जगणाऱ्या मासेमारांची गावे आहेत. खंबायतच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो. तिथे धक्क्याची उंची आणि पाय टेकवणाऱ्या जहाजाचे काम दोन्ही अवघड.

बंदरासाठीचा पैसा आणि विजेसाठीचा पैसा एकाच योजनेत आहे, ही आपल्याकडची चांगली बाजू. मॅसॅच्युसेट्सला जे सहा वर्षे साधले नाही ते कागदावर तरी इथे सुरुवातीपासून आहे. पण ५०० मेगावॅट म्हणजे आजच्या मोठ्या चक्क्यांच्या हिशेबाने ३५-४०. त्यांचे काम एक-दोन हंगामांत उरकते. त्यानंतर त्या धक्क्यावर कोण येणार? दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकल्पाच्या निविदांचे वेळापत्रक, चौरस मीटरला २० टन पेलणारी जमीन इतर अवजड मालाला आणि दुरुस्तीला खुली ठेवण्याची अट, आणि तुतिकोरिनच्या मासेमार संघटनांशी केलेला लेखी करार, या तिन्ही गोष्टी धक्क्याचा पहिला खांब रोवण्याआधी जाहीर झाल्या पाहिजेत.